सेप्टिक टाकीची कुळकथा

मैला एकदां टाकींत गेला, म्हणजे त्याची कायमची विल्हेवाट लागली, असा समज घरोघरीं आढळतो. हा समज टाकीच्या जन्माइतकाच जुना आहे.

फ्रान्समधील व्हेझूल गांवीं झां-लुई मूरा या गृहस्थानें १८६० च्या सुमारास एक बंद मलकुंड बांधलें. कांहीं वर्षांनीं तें उघडलें, तों मैल्याच्या राशीऐवजीं आंत बहुतेक पाणीच दिसलें. १८८१ मध्यें मूरानें या रचनेचें पेटंट घेतलें. ‘आपोआप मैला काढणारें यंत्र’ अशा अर्थाचें नांव तिला मिळालें. पुढें १८९५ मध्यें इंग्लंडांतील एक्झिटर शहराचा अभियंता डोनाल्ड कॅमेरन यानें तशीच टाकी बांधून तिला ‘सेप्टिक’, म्हणजे कुजविणारी, असें म्हटलें. हें नांव अधिक यथार्थ होतें. कारण हें काम हवेवांचून जगणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें आहे. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठधामांत १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवेहि लावण्यांत आले.

परंतु जंतु सर्वच पचवीत नाहींत. उरलेला गाळ तळाशीं सांचतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलें पाणी शोषखड्ड्यांत जातें. गाळ फार वाढला, कीं तोहि पाण्याबरोबर वाहून जातो व खड्ड्याची माती बुजवितो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनीं टाकी उपसणें अवश्य आहे. फिनेल वा ॲसिड टाकींत ओतणें म्हणजे आपल्याच सेवकांचा संहार करणें होय.

पण उपसावें कोणीं? मूराच्या ‘आपोआप’ या शब्दाची कसोटी येथेंच लागते. टाकींतील हायड्रोजन सल्फाइड वायु आंत उतरलेल्या माणसाची शुद्ध क्षणांत हरपवितो. त्यास वाचवावयास धांवलेलाहि प्राणास मुकतो. संरक्षक साधनांवांचून माणसास टाकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. गटारसफाईंत मरण पावणाऱ्याच्या कुटुंबास ३० लाख रुपये द्यावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ मध्यें सांगितलें. पण गेलेला माणूस पैशानें परत येत नाहीं.

यासाठीं शोषण-पंपाची गाडी वेळेवर बोलवावी. जेथें घरमालक एवढी दक्षता घेतो, तेथेंच मूराचें वचन थोडेंबहुत खरें होतें. एरव्हीं त्या ‘आपोआप’ची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते.