एझ्रा मीकरची बैलगाडी आणि आमचं मोटरहोम

गेल्या महिन्याभरात भारतातून जेवढे फोन आले, तेवढे आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही आले नव्हते. प्रश्न सगळ्यांचा एकच. "या वयात? आणि त्या खटाऱ्यातून?" साताऱ्याच्या मोठ्या जाऊबाईंनी तर सरळ विचारलं, "भावजींची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं नाही झाली, आणि तू त्यांना घेऊन रानोमाळ हिंडणार?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देऊन दमले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. पण आधी एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगते, म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल.

आम्ही राहतो ते वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या दक्षिणेला. इथून जवळच प्युअॅलप नावाचं गाव आहे. त्या गावात एझ्रा मीकर नावाच्या माणसाचा मोठा जुना वाडा आहे, लोक तो बघायला जातात. पाहुण्यांना घेऊन मी तिथे चार-पाच वेळा गेले असेन. दरवेळी वाडा बघितला आणि माणूस विसरले. या वर्षी मात्र माणूसच डोक्यात बसला.

मीकरचा जन्म १८३० सालचा, ओहायो राज्यातला. १८५२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, बायको एलायझा जेन आणि काही आठवड्यांचं बाळ घेऊन तो आयोवातल्या एडीव्हिल गावातून बैलगाडीने निघाला आणि ऑक्टोबरात पोर्टलंडला पोचला. हीच ती ओरेगन ट्रेल, सुमारे दोन हजार मैलांची गाडीवाट. १८४० ते १८६० च्या दरम्यान लाखो माणसं या वाटांनी पश्चिमेला गेली. त्या वर्षी वाटेवर पटकी पसरलेली होती. मीकरचं कुटुंब वाचलं. पण दोनच वर्षांनी त्याचे आईवडील याच वाटेने यायला निघाले, तेव्हा आई प्लॅट नदीच्या काठी पटकीने गेली आणि धाकटा भाऊ क्लार्क स्वीटवॉटर नदीत बुडाला.

ही वाट मोकळ्या माळावरून जात नव्हती हेही सांगायला हवं. ती तिथल्या मूळ लोकांच्या जमिनींवरून आणि शिकारीच्या रानांतून जात होती, आणि पुढे त्यांच्याच हातून सगळं गेलं. मीकरही त्या जमिनीवर वसलेलाच. पण १८५६ साली निस्क्वाली जमातीचा पुढारी लेशाय याच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा पंचांमध्ये मीकर होता आणि तो निर्दोष सोडण्याच्या बाजूने अडून बसला. पहिल्या खटल्यात निकालच लागला नाही. दुसऱ्या खटल्यानंतर १८५८ मध्ये लेशायला फाशी दिलं. त्याला निर्दोष ठरवायला २००४ साल उजाडावं लागलं.

असो. तर हा मीकर पुढे हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात ती फुलं) शेतीत बक्कळ श्रीमंत झाला, वाडा बांधला, मग पिकावर कीड पडली आणि पैसा गेला. १९०६ साली तो पंच्याहत्तर वर्षांचा होता. आणि त्याने ठरवलं की बैलगाडीने उलट दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, ती जुनी वाट पुन्हा चालायची. वाट नांगरली जातेय, लोक विसरताहेत, जागोजागी खुणेचे दगड बसवायला हवेत, हा त्याचा ध्यास.

लोकांनी काय म्हटलं असेल? अहो, तेच, जे तुम्ही मला म्हणताय! गावातल्या एका पाद्र्याने तर याला जाऊ देणं म्हणजे म्हाताऱ्याला मरायला पाठवणं आहे असा सूर लावला. मीकर निघालाच. २९ जानेवारी १९०६ ला त्याने पहिला मुक्काम टाकला. कुठे? स्वतःच्या अंगणात! कापडी छत, बिछाना, बैल, भांडी, सगळं नीट चालतंय का हे घराच्या दारात बघून घेतलं आणि मग पुढे सरकला.

हे वाचलं आणि मी ह्यांना म्हटलं, आपणही असंच करू.

आता आमच्या गाडीबद्दल. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, पुढे व्हॅनचं तोंड आणि मागे खोली. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा, मध्ये गॅसची शेगडी आणि सिंक, मागे पलंग, कोपऱ्यात कपाटाएवढं न्हाणीघर. आमची गाडी १९९४ सालची, सत्तावीस फुटी. एका निवृत्त जोडप्याकडून घेतली. त्या दोघांना आता गाडीत चढताना गुडघे साथ देत नव्हते. अमेरिकेत अशी घरं बांधायचा उद्योग मोठा झाला तो १९६० नंतर. आयोवातल्या फॉरेस्ट सिटी गावात विनेबेगो कंपनीने १९६६ साली मोटरहोम काढायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गाला ती परवडायला लागली. १९७३ च्या तेलटंचाईत हा धंदा चांगलाच आपटला. कारण उघड आहे. आमची गाडी एका गॅलनमध्ये आठ मैल जाते, तेही वारा पाठीमागून असेल तर.

तर एप्रिलमध्ये आम्ही स्वतःच्या दारात, ड्राइव्ह-वेवर दोन रात्री मुक्काम केला. शेजारी हसले. पण त्या दोन रात्रींत जे कळलं ते दोन महिने याद्या करून कळलं नसतं. हीटरचा पंखा रात्रभर चालला आणि पहाटे चारला बॅटरी बसली. ह्यांना श्वासाचं मशीन लावून झोपावं लागतं, ते बंद पडलं. रानात असं झालं असतं तर? दुसऱ्या दिवशी मागच्या दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, आणि जिथे विजेची जोडणी मिळते अशाच जागी रात्रीचा मुक्काम करायचा हा नियम केला. पाऊस आला तेव्हा माळ्याच्या कोपऱ्यातून पाणी झिरपलं. म्हणजे छताच्या सांध्यांमधला डिंकासारखा मसाला खरवडून नवा भरणं आलं. जुन्या गाडीचा पहिला शत्रू पाणी. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेली भिंत होत नाही.

मग टायर. एकूण सहा. नक्षी अगदी नव्यासारखी, मी खूश. मेकॅनिकने टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमचे २०१६ चे निघाले! उभ्या गाडीचं रबर झिजत नाही, पण आतून म्हातारं होतं. सहाही बदलले. खर्च ऐकून ह्यांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, तुमच्या रक्तवाहिन्या बाहेरून कुणी बघितल्या होत्या का?

यावरून आजोबांची बैलगाडी आठवली. उन्हाळ्यात लाकडी चाकं वाळून आकसायची आणि वरची लोखंडी धाव सैल व्हायची. मग चाकं काढून ओढ्यात भिजत ठेवायची, की लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट. ओरेगन ट्रेलवरचे लोकही हेच करत, रात्री चाकं नदीत. आणि वंगणाची बादली गाडीच्या मागे टांगलेली, अगदी आजोबांच्या गाडीसारखी. हजारो मैलांवरची माणसं, कुणी कुणाला शिकवलेलं नाही. मीकरची १९०६ ची गाडीही नवी नव्हती बरं का. तिचे लोखंडी भाग १८५० च्या दशकात हीच वाट तुडवलेल्या जुन्या गाड्यांतून काढलेले होते.

सगळ्यात अवघड प्रकरण वजनाचं. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने १८४५ मध्ये या प्रवासावर मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात माणशी दोनशे पौंड पीठ, दीडशे पौंड खारवलेलं डुकराचं मांस, दहा पौंड कॉफी, वीस पौंड साखर असा शिधा सांगितला होता. शिधाच एवढा, आणि वर लोकांनी लोखंडी चुली, आजीची कपाटं, पेट्या घेतल्या. बैल थकले की हे सगळं वाटेवर टाकायचं. १८४९ च्या गर्दीत फोर्ट लॅरमीच्या आसपास चुली, हत्यारं आणि मांसाचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले होते.

आम्ही हसलो, आणि मग ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी नेली. मर्यादा ११,५०० पौंड. भरलं ११,९४०. म्हणजे ४४० पौंड जास्त, जवळजवळ दोनशे किलो! आता बसा. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी काठोकाठ भरली होती, त्यातलं तीस गॅलन पाणी सोडलं, अडीचशे पौंड गेले. रोज मुक्कामाला पाणी मिळणार असताना ते वाहून कशाला न्यायचं? उरले १९०. माझा दगडी वेट ग्राइंडर गेला. बिडाचे दोन तवे गेले, एक राहिला. ह्यांची पुस्तकांची पेटी आणि हत्यारांची अर्धी पेटी गेली. लेकीसाठी भरलेले लोणच्यांचे बारा डबे... त्यातले चार राहिले. ते मी उतरवणार नाही. तेवढे बैल ओढतील :)

त्याच हेस्टिंग्जच्या पुस्तकात एका जवळच्या रस्त्याचाही उल्लेख होता. लिहिलं तेव्हा त्याने स्वतः त्या रस्त्याने गाडी नेलेली नव्हती. १८४६ मध्ये डॉनर आणि रीड कुटुंबांचा तांडा त्या रस्त्याने गेला, उशीर झाला आणि कॅलिफोर्नियाच्या वेशीवरच्या डोंगरात बर्फात अडकला. ८७ पैकी ४८ च्या आसपास माणसं वाचली. म्हणून आमचा दुसरा नियम: फोनने दाखवलेला जवळचा रस्ता घ्यायचा नाही. फोनला वाटतं आपण मोटारीत आहोत. गाडीची उंची अकरा फूट, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलंय. तिसरा नियम: दिवसाला दोनशे मैल, दुपारी तीनला मुक्काम. साउथ पास साडेसात हजार फुटांच्या जरा खाली आहे, मे महिन्यातही तिथे बर्फ पडतं, म्हणून निघायचं जूनच्या पहिल्या आठवड्यात. जुन्या तांड्यांनाही मुहूर्त गवतावरून ठरवावा लागे. लवकर निघालं तर बैलांना चारा नाही, उशीर केला तर पुढे बर्फ.

मीकरचं पुढे काय झालं? वाटेत नेब्रास्कात त्याचा ट्विस्ट नावाचा बैल मेला. त्याने दुसरा शोधला. पैसे संपले तेव्हा स्वतःच्या प्रवासाचं पुस्तक छापून आणि पोस्टकार्डं विकून चालवलं. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर गुरं आणायला बंदी होती, तरी चिकाटीने परवानगी मिळवून ब्रॉडवेवर बैलगाडी चालवली. २९ नोव्हेंबर १९०७ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट व्हाइट हाउसबाहेर येऊन त्याचे बैल बघून गेले. १९१६ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, पाथफाइंडर मोटारीवर बैलगाडीचं कापडी छत चढवून तो पुन्हा देश ओलांडून आला. माझ्या मते आमच्या मोटरहोमची ती पणजी. १९२४ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, लष्करी विमानात बसून तीच वाट वरून पाहिली.

यातलं मला काय आवडलं सांगू? तो कुठल्याच वेळी तरुण असल्याचं सोंग करत नाही. बैल झेपेनात तर मोटार, मोटार झेपेना तर विमान. वाट तीच, वाहन वयाप्रमाणे. ज्या वाटेवर आई आणि भाऊ गेले त्या वाटेवर तो पुन्हा पुन्हा गेला, आणि दरवेळी नीट तयारी करून गेला.

शेवटची तयारी १९२८ सालची. हेन्री फोर्डने त्याच्यासाठी फोर्ड गाडीवर तसंच छत चढवून दिलं होतं. पण मीकर डेट्रॉइटला आजारी पडला, सिएटलला परतला आणि ३ डिसेंबरला गेला. सत्त्याण्णव वर्षांचा होता. गाडी तयार होती.

हे मी ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे याच वर्षी जायचं."

हो, याच वर्षी. लेक आयोवात, दे मॉइनला राहते. एडीव्हिल तिथून तासा-सव्वा तासावर आहे. मीकर जिथून निघाला तिथे आमचा प्रवास संपेल. लेक म्हणते, "आई, विमानाने चार-पाच तासांत याल." येऊ की, पुढच्या वेळी. मीकरसुद्धा विमानापर्यंत शेवटीच पोचला. डॉक्टरांनी ह्यांना परवानगी दिली आहे, एक अट घालून: एकट्याने चालवायचं नाही. त्यामुळे गेले सहा आठवडे दर रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये मी सत्तावीस फुटांचं घर मागे घ्यायला शिकतेय. पहिल्या दिवशी एक कचऱ्याचा डबा शहीद झाला. आता आरशात बघून सरळ मागे घेते.

तिसऱ्या दिवशी पेंडलटन सोडलं की कॅबेज हिलचा घाट लागतो. खूप वळणांचा, सहा टक्के चढाचा. वाटणी झालेली आहे. तो घाट मी चढवणार आहे. उतरवायचं परतीच्या वेळी बघू.