औषधाची मात्रा आणि कामगाराचा श्वास

रुग्णाला औषध मोजून दिले जाते. ते तयार करणाऱ्या कामगाराच्या शरीरात मात्र ते श्वासावाटे, न मोजताच शिरू शकते. १९७६ साली प्वेर्तो रिकोतील गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका कारखान्यात २५ पैकी ५ पुरुष आणि ३० पैकी १२ स्त्रिया यांच्यात इस्ट्रोजेनच्या अतिरेकाची लक्षणे आढळली. पुरुषांची स्तनवृद्धी झाली होती, स्त्रियांना अवेळी रक्तस्राव होत होता. कारण होते हवेत उडणारी औषधाची भुकटी.

भारतात भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. पहिल्या अनुसूचीत औषधनिर्मितीची गणना धोकादायक उद्योगांत झाली. दुसरीत अमोनिया, बेंझिन, क्लोरीन अशा रसायनांच्या हवेतील मर्यादा ठरल्या. प्रतिजैविके आणि संप्रेरके त्या यादीत आली नाहीत.

औषध नियमावलीच्या 'एम' अनुसूचीने पेनिसिलिन व संप्रेरकांसाठी स्वतंत्र विभाग सक्तीचे केले, ते एका औषधाची धूळ दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. त्यामुळे रुग्ण सुरक्षित झाला. त्याच विभागात पाळी भरणाऱ्या कामगाराला वाचवतात ती बंदिस्त यंत्रे आणि धूळ उगमापाशीच खेचून घेणारी यंत्रणा. मास्कचा क्रम त्यांच्यानंतर लागतो.