नळातली मांजरा

आमच्या काचीगुड्याच्या जुन्या घरात मोरीतल्या नळाला पांढऱ्या कापडाचं गाळणं बांधलेलं असे. विहिरीचं पाणी गाळलं की गाळण्यातले जीव त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे, हा आपल्या घरांतला नेम. आजी तो माहेराहून, लातूरकडच्या एका खेड्यातून, शिकून आलेली. नळाशी मात्र ती अडून बसे. "अगं, ही कुठली विहीर? हे कुठं नेऊन सोडू?" आजोबा पेपरमधून मान वर न करता म्हणत, "गंडीपेटची." झालं!

आजोबांचं उत्तर एके काळी खरं होतं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं हैदराबाद बुडवलं, हजारो माणसं गेली. त्यानंतर निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर उभा राहिला, १९२० मध्ये. लोकांच्या तोंडी तो गंडीपेट. इसी नदीवरचा हिमायतसागर १९२७ चा. पुराच्या भीतीनं बांधलेल्या या तलावांवर पुढे शहराची तहान भागली. गंडीपेटचं पाणी पंपाविना, नुसत्या उतारानं आसिफनगरच्या गाळण-हौदांपर्यंत येई. चार-पाच लाखांच्या वस्तीला ते पुरे. गंडीपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं आपण पाहुण्यांना अजून ऐकवतो.

वस्ती वाढली तसं ते पुरेना. १९६५ पासून शहरात मंजीरेचं पाणी येऊ लागलं, आणि नव्वदच्या दशकात त्याच नदीवरच्या सिंगूर धरणाचं. मंजीरा म्हणजे आपली मांजराच, बरं का. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात उगवते, लातूरजवळून वाहते, बीदर ओलांडून तेलंगणात शिरते आणि नाव बदलते. सासरी नाव बदललं म्हणून बाई दुसरी होत नाही. म्हणजे आजी गाळण्याशी अडून बसायची, तेव्हा शहरात तिच्या माहेरची नदी येऊ लागली होती. आजोबांना पत्ता नव्हता. मलाही पुष्कळ वर्षं नव्हता.

पत्ता लागला तो दुष्काळात. पाऊस चार आणे कमी झाला तर नदीचं पाणीही चार आणेच कमी होईल, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. कोरड्या रांजणात पाणी ओतलं तर आधी रांजणच पितो. मांजरेच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस त्या भेगा पितात. मग विहिरी, बोअर, नाल्यांवरचे बांध. मग वरची धरणं, त्यातलं मोठं केज तालुक्यातल्या धनेगावचं, लातूरला पाणी देणारं. त्यांच्या हातून सुटलं तर पुढे बीदर. सिंगूर पंगतीत अगदी शेवटी बसलेलं. पाऊस थोडा कमी झाला की वाढपी तिथवर पोचतच नाही. जे काही साठलं असेल त्यातलं एप्रिल-मे महिन्याचं ऊन उडवून नेतं, आणि तळाचं पाणी नळवाहिनीच्या तोंडापर्यंत चढत नाही.

२०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन पावसाळे असे गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात सिंगूर, मंजीरा, उस्मानसागर, हिमायतसागर, चौघांनीही हात वर केले. वर लातूरला तर धनेगावचं धरण आटून नळच बंद पडले. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वॅगनी, पाच लाख लिटर. पाणी कृष्णेचं. तो फोटो सगळ्या देशानं पाहिला. माझी आत्येबहीण लातूरला असते. तेव्हा फोनवर म्हणाली, "वहिनी, आंघोळ आता सणासारखी झालीय."

आणि आम्ही? आमच्याकडे नळाला पाणी कमी यायचं, संपमध्ये टँकर रिकामा करावा लागायचा, पण नळ मेला नाही. कारण आम्हीही कृष्णेचंच पाणी पीत होतो! ते रेल्वेनं न येता जमिनीखालून, नागार्जुनसागराहून शंभरावर किलोमीटर यायचं, म्हणून कुणी फोटो काढला नाही. जोडीला येल्लमपल्लीहून गोदावरीची वाहिनी काही महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती, ती तर १८६ किलोमीटरची. एकाच मांजरेनं पाठ फिरवलेली दोन शहरं एकाच कृष्णेनं जगवली, आणि हैदराबादेत त्याची चर्चासुद्धा नव्हती.

हे पाणी स्वस्त नाही. गंडीपेटचं उतारानं यायचं. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, नागार्जुनसागर काठोकाठ भरला तरी १८० मीटरवर, येल्लमपल्ली १४८ वर. म्हणजे आपल्या हंड्यातला प्रत्येक थेंब विजेच्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं डोंगर चढून येतो. दर टंचाईला आपण अशी आणखी लांबची नदी शोधली.

ज्यांना अशी लांबची नदी परवडत नाही, त्यांचं काय? सिंगूरच्या काठच्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे: जमिनी आमच्या बुडाल्या आणि पाणी नळात घालून हैदराबादला नेलं. धरणाची क्षमता ३० अब्ज घनफूट, त्यातले चार शहराच्या पिण्यासाठी राखलेले. चार म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण धरणात चारच उरतात, तेव्हा शेताला काय राहतं? मेदक जिल्ह्यात उसाची शेतं त्या सालात वाळत होती आणि आमच्या कॉलनीत गाड्या धुतल्या जात होत्या. माझीही त्यात होती, हे लपवत नाही.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस असा कोसळला की सिंगूरचे दरवाजे उघडावे लागले. आत्येबहिणीचा पुन्हा फोन आला, "वहिनी, मांजरा भरून वाहतेय, तुमच्याकडे पोचली का?" मी नळ सोडला. गढूळसर पाणी आलं. आजीचं गाळणं कधीच फाटून गेलंय, मी साडीचा जुना तुकडा बांधला, आणि तिला म्हटलं, "थांब हं, बघते."