उकळत्या पाण्याचा इतिहास : घाट, ऊन आणि मागचे ओझे

१/१२
रणरणते ऊन, चढता घाट आणि गाडीमागे जोडलेला जड ट्रेलर. या तिघांची गाठ पडली की इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. मोटारीने पर्वत कसे जिंकले, हे बहुधा अश्वशक्तीच्या भाषेत सांगितले जाते. वास्तविक तो उष्णतेशी झालेल्या झुंजीचा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/१२
आधी थोडे शास्त्र. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामी येते. साधारण तितकीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. घाटात इंजिन पूर्ण ताकदीने राबते, म्हणून उष्णता सर्वाधिक. वेग मात्र मंद, म्हणून रेडिएटरला मिळणारा वारा कमी. संकटाचे मूळ याच विसंगतीत आहे.

३/१२
१९०८ साली अमेरिकेत फोर्डची ‘मॉडेल टी’ अवतरली. सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्या वगळल्या, तर तिच्यात पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे आणि पुन्हा इंजिनात शिरे. रचना साधी आणि स्वस्त. परंतु पाण्याची पातळी खाली गेली की हे अभिसरण थांबत असे.

४/१२
१९१५ साली कॅलिफोर्नियात ‘रिज रूट’ खुला झाला. लॉस अँजेलिस आणि बेकर्सफील्ड यांना डोंगरकण्यावरून जोडणाऱ्या या रस्त्याला ६९७ वळणे होती आणि वेगमर्यादा होती ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर! अशा संथ चढणीवर रेडिएटर उकळणे हा अपघात नव्हता, तो प्रवासाचा नित्याचा भाग होता.

५/१२
त्यात उंचीची भर. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंश सेल्सिअसने उतरतो. याच मार्गावरील तेहोन खिंड सुमारे १,२६० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळते. म्हणजे चालकाला ज्या क्षणी अधिक सवलत हवी, त्याच क्षणी निसर्ग ती काढून घेई.

६/१२
त्या काळचा उपाय एकच : पाणी बरोबर बाळगा. अमेरिकी चालक गाडीच्या पुढे कॅनव्हासची पाणपिशवी टांगत. आपल्याकडे जिला छागल म्हणत, तिचीच ही बहीण. पाझरणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने आतले पाणी गार राही. ते माणसाची तहान भागवी आणि रेडिएटरचीही.

७/१२
पुढील दशकांत ही लढाई रस्त्यावरून बॉनेटखाली गेली. पंप आणि थर्मोस्टॅट सर्रास आले. थंडीत पाणी गोठू नये म्हणून वापरात आलेले इथिलीन ग्लायकॉल उन्हाळ्यातही उपकारक ठरले, कारण पाण्याबरोबर निम्मे-निम्मे मिसळले की ते मिश्रण सुमारे १०७ अंशांवर उकळते.

८/१२
सर्वांत मोठी क्रांती मात्र एका झाकणाने केली. स्प्रिंगच्या झाकणाने रेडिएटर बंद केला की आतला दाब वाढतो आणि त्याबरोबर उत्कलनबिंदूही. सुमारे १५ पौंड दाबाच्या झाकणाखाली तेच मिश्रण जवळजवळ १३० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये : दाब सुटताच उकळते द्रव अंगावर उसळते.

९/१२
मग आली वातानुकूलन यंत्रणा आणि नवे ओझे घेऊन आली. तिचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरच्या पुढ्यात असतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारा वारा आधीच तापलेला. कॅलिफोर्नियाच्या लांब चढणींवर ‘एसी बंद करा’ असे सरकारी फलक लागले, आणि रस्त्याच्या कडेला रेडिएटरसाठी पाणीही ठेवले गेले.

१०/१२
चालकांनीही आपले शहाणपण घडवले. खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात आणि त्याबरोबर पंपाचेही. काटा चढू लागला की वेग कमी करावा. अगदीच बिकट वेळ आली तर भर उन्हात हीटर लावावा! हीटर हा मुळात छोटा रेडिएटरच. तो इंजिनाचा ताप प्रवाशांच्या वाट्याला देतो.

११/१२
एक प्रश्न तरीही उरला : गाडी किती ओझे ओढू शकते, हे ठरवणार कोण? दीर्घकाळ प्रत्येक उत्पादक आपापल्या कसोटीवर आकडा जाहीर करी. २००८ साली ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ‘जे२८०७’ हे सामायिक प्रमाण प्रसिद्ध केले. त्यासाठी परीक्षक म्हणून निवडला गेला एक खराखुरा घाट : ॲरिझोनातील डेव्हिस धरणापासून चढणारा रस्ता. सुमारे १८ किलोमीटरची वाट, ९०० मीटरच्या आसपास चढ, पायथ्याशी किमान ३८ अंश तापमान आणि एसी पूर्ण क्षमतेने सुरू. मागे एकेरी चाके असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांखाली यायचे नाही आणि काही बिघडायचेही नाही.

१२/१२
२०११च्या मॉडेलांसाठी टोयोटाने हे प्रमाण सर्वप्रथम स्वीकारले, तेव्हा तिच्याच टुंड्रा ट्रकचे काही आकडे खाली आले. ट्रक तोच होता, मोजमाप प्रामाणिक झाले होते. त्या आकड्यावर विसंबून कुणी आपल्या कुटुंबासह ट्रेलर ओढत घाट चढणार असते. म्हणून हा प्रामाणिकपणा मोलाचा. जाहिरात सपाटीवर लिहिता येते. तिची शहानिशा मात्र चढणीवरच होते.