गावकुसाखाली गाडलेले चोखोबा

आषाढी जवळ आली की चोखोबांच्या हाडांची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस कोसळलं. त्याखाली चोखोबा आणि सोबतचे मजूर गाडले गेले. नामदेव पंढरपूरहून आले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना बायाबापड्यांचे डोळे भरून येतात.

आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा दहावीतल्या एका मुलाने विचारलं, "पण चोखोबा भिंत बांधायला गेलेच कशाला?"

मित्रांनो, इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

गावकूस म्हणजे गावाभोवतीची संरक्षक भिंत. लूटमार झाली तर आतल्यांचा जीव वाचावा म्हणून ती बांधायची. आणि महारवाडा कुठे? कुसाबाहेर. म्हणजे ज्या भिंतीने चोखोबांच्या लेकराबाळांचं रक्षण होणार नव्हतं, तीच बांधताना ते मेले. अशा कामांवर महारांना वेठीला धरलं जायचं. वेठीला मजुरी नसते आणि नकाराचा हक्कही नसतो.

रोजचं जगणंही याच व्यवस्थेत बांधलेलं होतं. वेशीवर पहारा द्यायचा, सांगावा पोचवायचा, सरकारी ओझी वाहायची, मेलेलं जनावर ओढायचं, शेताच्या हद्दीच्या भांडणात साक्ष द्यायची. पुढच्या शतकांतल्या वतनाच्या कागदपत्रांत या कामांचे तपशील सापडतात. गंमत पाहा, हद्दीच्या वादात महाराची साक्ष चालायची, पण त्याची सावली चालायची नाही. मोबदला म्हणजे बलुतं, थोडी वतनी जमीन आणि दारोदार मागितलेली भाकर. भेटल्यावर वाकून 'जोहार' घालायचा. आज आपण ताठ मानेने 'जय भीम' म्हणतो, तेव्हा या जोहाराला उत्तर देत असतो.

काही जण म्हणतात, आपला समाज आधी गुण्यागोविंदाने नांदत होता, सगळा अंधार परकीय सुलतानांनी आणला. तारखा पाहा. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याने व्रतं, दानं, श्राद्धं यांचा अवाढव्य ग्रंथ रचला, तो तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात. चोखोबांचं आयुष्यही त्याच राज्यात सुरू झालं. १३१८ पर्यंत यादव संपले, दिल्लीचा अंमल आला, १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. सिंहासनं बदलली, पण महारवाडा कुसाच्या आत आला नाही. नव्या राज्यकर्त्यांनाही फुकटात राबणारी माणसं हवीच होती. म्हणून दोष फक्त राजांच्या धर्मावर ढकलता येणार नाही. गावाची रचना आणि तिला धर्माची मान्यता देणारे, दोघांनाही जाब विचारावा लागेल.

हा जाब चोखोबांच्या घरातच विचारला गेला होता. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. सोयराबाई विचारते, विटाळ देहातच आहे आणि प्रत्येक देह त्यातूनच जन्मतो, तर मग सोवळा कोण? कर्ममेळा थेट देवाशी भांडतो, आम्हाला हीन का केलंस म्हणून. घरच्या उष्ट्या अन्नाचा हिशेब तो देवासमोर मांडतो. सातशे वर्षांपूर्वी वेशीबाहेरच्या एका घराने हे प्रश्न विचारले होते. पण कीर्तनात हाडांची गोष्ट जितकी रंगते, तितका कर्ममेळा रंगत नाही. तो अडचणीचा आहे ना!

मग बाबासाहेबांची भूमिका काय होती? संतांनी जातीविरुद्ध लढा उभारला नाही, त्यांचा विषय माणूस आणि देव यांचं नातं होता, माणसामाणसातला संघर्ष नव्हता, ही त्यांची परखड टीका आहे. पण १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. यात विसंगती नाही. माणसाचा आदर ठेवायचा आणि त्याच्या मार्गाची मर्यादाही ओळखायची, हे बाबासाहेबांनी शिकवलं. म्हणूनच त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. वेठीची मुळी तिथेच होती. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतनं रद्द झाली.

पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांसाठी उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांच्या मृत्यूनंतर तब्बल ६०९ वर्षांनी! तोपर्यंत त्यांची समाधी पायरीशी होती आणि त्यांचे वारस पायरीच्या खाली.

आज गटारात उतरलेला माणूस गुदमरून मरतो, तेव्हाही कुणीतरी त्याच्या सेवाभावाचं कौतुक करतं. त्याला तिथे कुणी उतरवलं, हे विचारत नाही. त्या दहावीतल्या मुलाचा प्रश्न तिथेही विचारा. चोखोबांना आपलं अभिवादन तेच.

जय भीम!