‘भात’ शब्दाची कुळकथा

पानावर भात पडला, त्यावर वरण आणि तूप आले, म्हणजे चित्राहुती घालून पंक्तीचे भोजन सुरू होते. हा शब्द इतका नित्याचा आहे की त्याचे कूळ विचारावे असे सहसा कोणास सुचत नाही. वस्तुतः ते कूळ थोर आहे. संस्कृत ‘भक्त’, त्यापासून प्राकृत ‘भत्त’ आणि त्यापासून मराठी ‘भात’, असा हा क्रम होय. सप्त–सत्त–सात किंवा सक्तु–सत्तु–सातू या परिवर्तनांशी तो ताडून पाहिला असता शंकेस जागा राहत नाही.

‘भक्त’ शब्द ‘भज्’ धातूचा. या धातूचा प्राचीन अर्थ वाटणे, वाटा देणे, वाट्यास येणे असा आहे. भाग, विभाग, भाग्य हे शब्द त्याचेच. आणि ‘भग’ ज्याच्यापाशी आहे तो भगवान, हाही त्याच कुळातला. (भाजणे या क्रियापदाचा मात्र येथे संबंध नाही. तो धातू निराळा. ध्वनिसाम्याने फसू नये.) तेव्हा ‘भक्तम्’ म्हणजे प्रथम वाटून दिलेला अंश, मग जेवण, आणि शेवटी जेवणात मुख्य असलेला शिजविलेला तांदूळ. अमरकोशात अन्न, अंधस्, ओदन यांच्या मालिकेत ‘भक्त’ येतो. त्यांतील ‘ओदन’ हा उन्द् म्हणजे भिजणे या धातूपासून साधतात. भात कसा होतो हे ओदन सांगतो. तो कोणासाठी होतो हे भक्त सांगतो. मराठीने दुसरा शब्द उचलला हे बरेच झाले.

पाणिनीच्या काळी हा अर्थ रूढच होता. अष्टाध्यायी ४.४.६८ प्रमाणे ज्यास नियमाने अन्न दिले जाते तो भाक्त अथवा भाक्तिक; ४.४.१०० प्रमाणे भातास उत्तम असे तांदूळ ते भाक्त. याहून रंजक स्थळ ४.३.९५ पासूनचे. तेथे ‘भक्ति’ म्हणजे ज्याची ज्याला आवड वा निष्ठा ती वस्तू. काशिकावृत्ती ४.३.९६ वर उदाहरणे देते ती अपूपांची आवड असलेला ‘आपूपिक’ आणि पायसाची आवड असलेला ‘पायसिक’ यांची. आणि दोनच सूत्रे पुढे वासुदेवनिष्ठ असा ‘वासुदेवक’ येतो! वैयाकरणाला खिरीचा भोक्ता आणि वासुदेवाचा उपासक एकाच प्रकरणात बसविताना काही अडचण वाटली नाही.

यावरून ‘भक्तापासूनच भात झाला’ अशी कोटी करण्याचा मोह होतो. ती अर्धीच खरी आहे. नपुंसकलिंगी ‘भक्तम्’ म्हणजे वाटा, आणि पुल्लिंगी ‘भक्त’ म्हणजे जो वाटेकरी झाला, जो जडला, तो. दोन्ही एका धातूची रूपे, परंतु एकातून दुसरे निघालेले नाही. ते सहोदर होत, पितापुत्र नव्हेत.

आणि या सहोदरांपैकी एकाचा इतिहास पाहताना मान खाली जाते. मनुस्मृतीत (८.४१५) दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘भक्तदास’ आहे, म्हणजे केवळ पोटच्या अन्नासाठी दास झालेला मनुष्य. ज्या शब्दाचा मूळ अर्थ वाटून देणे, त्याच शब्दाने माणूस बांधलाही गेला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कौटिल्याच्या ‘भक्तवेतनात’ अन्न आणि मोबदला एकत्र येतात. ‘भत्ता’ हा शब्दही या घराण्यातलाच. कंपनी सरकारच्या फौजेत हा भत्ता इतका जिव्हाळ्याचा होता की क्लाइव्हने दुहेरी भत्ता बंद करताच १७६६ साली बंगालमधील गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंडाळी केली. उलट बौद्ध संघात ‘भत्तुद्देसक’ नावाचा भिक्षू नेमलेला असे. कोणाच्या वाट्यास कोणते भोजन, हे ठरविणे त्याचे काम. मूळ अर्थ तेथे शाबूत दिसतो.

मराठीत ‘भात’ शेतातही असतो आणि पानातही. मधल्या अवस्थेस तेवढे तांदूळ म्हणावयाचे. कोंकणीने ही संदिग्धता ठेवली नाही. तिच्यात भात शेतातले, आणि शिजलेले ते ‘शीत’. बेळगावकडील कन्नड शेजारीही पिकालाच ‘भत्त’ म्हणतो. ‘शीत’ हा संस्कृत ‘सिक्थ’, प्राकृत ‘सित्थ’. मराठीत त्याचा अर्थ एकेका कणापुरता उरला, तरी म्हणींत तो तग धरून आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण म्हणजे स्थालीपुलाकन्यायच, जो पतंजलीनेही महाभाष्यात योजला आहे. ‘असतील शिते तर जमतील भुते’ ही म्हण आज स्वार्थी गोतावळ्यास उद्देशून वापरतात. पण वैश्वदेवानंतर भूतमात्रांसाठी बली बाहेर ठेवणाऱ्या घरात ती प्रथम इतक्या कडवटपणे उच्चारली गेली असेल असे वाटत नाही. मुलींची ‘भातुकली’ तर याच भाताची. तिथे चुलीत विस्तव नसतो आणि बोळक्यात बहुधा चुरमुरे असतात, तरी वाढताना प्रत्येकीच्या पानावर काही पडले की नाही हे नीट पाहिले जाते.