मेजावरचे वेखंड

मराठी घरात वेखंड म्हटले की सहाण आठवते. बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, जायफळ, मायफळ, मुरडशेंग यांच्या सोबतीला हा गाठाळ, करडा तुकडा असतो आणि त्याचा एखाद-दुसरा वळसा उगाळला जातो. बाळाला न्हाऊ घातल्यावर टाळूला वेखंडाची पूड लावायची, पोथ्यांच्या कपाटात कसर लागू नये म्हणून त्याची पुरचुंडी ठेवायची, इथे आपली आणि वेखंडाची ओळख संपते. त्याची हिरवी पाती फार थोड्यांनी पाहिलेली असतात. चीनमध्येही मुळी औषधात होतीच. पण तिथल्या विद्वानांनी वेखंडाच्या एका बुटक्या भावंडाला केवळ पात्यांसाठी घरात आणले, लिहिण्याच्या मेजावर ठेवले आणि जवळजवळ हजार वर्षे जिवापाड सांभाळले.

आपले वेखंड म्हणजे अकोरस कॅलमस. दलदलीत वाढणारे, तलवारीसारख्या उंच पात्यांचे, पात्याच्या मधोमध ठसठशीत शीर असलेले. त्याचे भावंड अकोरस ग्रॅमिनिअस. याची पाती अरुंद असतात, मधली शीर उठून दिसत नाही आणि उंची वीतभर ते हातभर. डोंगरी ओढ्यात, वाहत्या पाण्याशेजारच्या खडकांच्या भेगांत ते चिकटून वाढते. चिनी लोक त्याला शी छांगपू, म्हणजे दगडी वेखंड म्हणतात. दिसायला गवत, पण गवताशी त्याचे नाते अगदी दूरचे. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्याला अळूच्या कुळात घालत. १९९०च्या दशकात जनुकीय अभ्यास सुरू झाले आणि कळले की एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी हीच. गहू, ताड, केळ, कांदा हे सगळे दुसऱ्या बाजूला आणि अकोरसची मूठभर भावंडे एका बाजूला.

या झाडाला मेजावर मानाचे स्थान मिळाले ते सोंग काळात. कवी आणि सरकारी अधिकारी सू शी (१०३७–११०१) याने दगडी वेखंडाची स्तुती करणारा एक छोटा लेख लिहिला आहे. राजकारणामुळे या माणसाची पुन्हा पुन्हा दूरच्या मुलखांत रवानगी झाली, त्यामुळे त्याचे बरेचसे आयुष्य प्रवासात गेले. अशाच एका प्रवासात त्याला डोंगरात या वेखंडाचे काही गड्डे मिळाले. त्याने ते दगडी तबकात लावले, मधे नक्षीदार खडे आणि गारगोट्या मांडल्या आणि तबक नावेतच ठेवून घेतले. पुढचा प्रवास खुश्कीचा होता. त्या धक्क्यांत झाड टिकणार नाही म्हणून त्याने ते जिउजियांगच्या एका ताओपंथी साधूकडे सोपवले, नीट लक्ष ठेवा असे बजावले आणि परतताना त्याची खुशाली विचारायला येईन, असे लिहून ठेवले. स्वतःच्या मुक्कामाची शाश्वती नसलेला माणूस तबकातल्या झाडाची सोय लावतो, त्यातून त्याचा जीव त्या झाडात किती गुंतला होता ते कळते.

या लेखातले त्याचे निरीक्षण जाणत्या माळ्याचे आहे. बाकीच्या झाडांना माती लागते. याच्या मुळांची माती धुऊन टाकावी, तबकात खड्यांमध्ये ठेवावे आणि स्वच्छ पाणी घालावे, एवढ्यावर ते कित्येक दशके जगते. फार फोफावत नाही, पण पाती काटक होतात, मुळे एकमेकांत गुंफतात आणि जसजसा काळ जातो तसतसे ते अधिक आवडू लागते. खतपाणी घालून भरघोस वाढवणे म्हणजे झाडाची निगा, या रूढ समजुतीपेक्षा ही वाट पूर्णपणे वेगळी होती.

पुढे मिंग काळात या निगराणीचे बारकावे ग्रंथांत उतरले. वैद्य ली शिजेन याचा 'बेनचाओ गांगमू' हा औषधीकोश १५९६च्या सुमारास छापून झाला. त्यात औषधी मुळीच्या वर्णनासोबत घरगुती बागकामाची नोंदही सापडते. लोक हे वेखंड वाळूत लावतात, वर्षाने वसंतात पाती कापून मुळे धुतात, आणि जितके कापावे तितके पाते बारीक होत जाते. शेवटी जेमतेम बोटाच्या पेराएवढी पाती उरलेला प्रकार तयार होतो, त्याला नाण्यावरून नाव पडले आहे. कारण उघड आहे. दर वेळी पाती गेली की गड्ड्यातला साठा नव्या पात्यांसाठी खर्च होतो, आणि वाळूतून पोषण मिळते तुटपुंजे.

वांग श्यांगजिन याच्या १६२१ सालच्या 'छुनफांग पू' या वनस्पतीग्रंथात तर ऋतूंचे वेळापत्रकच आहे. वसंतात तबक बाहेर काढायची घाई करू नये, उन्हाळ्यात कात्री चालवताना हात आखडू नये, शरदात पाणी भरपूर ठेवावे, हिवाळ्यात झाड बंदिस्त जागी जपावे. पाणी आटले की भर घालावी, सगळे ओतून बदलू नये. आकाश दिसू द्यावे, ऊन लागू देऊ नये. मुळे बुडवावीत, पाती बुडवू नयेत, कारण पाण्यात राहिलेले पाते कुजते. आणि गड्डा फोडून रोपे वाढवण्याचा मोह टाळावा, कारण वारंवार फोडल्याने पाती जाड होतात. आज कुंडीतल्या वेखंडाबद्दल एखाद्या अनुभवी माळ्याला विचारले तर यातली बहुतेक कलमे तो जशीच्या तशी सांगेल.

मेजावरच का, याचेही उत्तर त्या काळच्या लिखाणात मिळते. रात्री तेलाच्या दिव्यापाशी तासन्‌तास वाचन चाले आणि डोळे चुरचुरत. शेजारी वेखंडाचे तबक असले तर ते दिव्याचा धूर ओढून घेते अशी समजूत होती. पहाटे पात्यांच्या टोकांवर जमलेले थेंब डोळ्यांना लावले की डोळे निवतात, असेही मानत. एका तबकाने खोलीतला धूर निवळेल हे संभवत नाही. थेंब मात्र खरे आहेत. मुळे सतत पाण्यात असली आणि रात्री हवा दमट, गार असली की झाड जादा पाणी पात्याच्या टोकातून बाहेर टाकते. पहाटे अंगणातल्या हरळीवर असेच थेंब दिसतात.

सगळ्यांनाच हा मेजावरचा थाट पटला नव्हता. सुझौचा रसिक वन झनहंग (१५८५–१६४५) याने घर, बाग आणि आवडीच्या वस्तूंवर 'छांगवू झ' नावाचा ग्रंथ लिहिला. वेखंड दगडात बारीक होते आणि मातीत जाड, ते जोपासणे महाकठीण, हे त्याने नोंदवले आहे. आपल्या गावचे लोक मुळे धुतात, बांबूच्या कात्रीने पाती छाटतात, पहाटेचे दव डोळ्यांना लावतात, हेही तो सांगतो. पण त्याचा स्वतःचा निकाल वेगळा. छोट्या अंगणात खडे पसरून त्यावर हे झाड सर्वत्र लावावे, पाऊस पडून गेला की हिरवेगार दिसेल आणि आपोआप सुगंध सुटेल. मेजावर तबके मांडण्यात अर्थ नाही. त्याचे अंगण सुंदरच असणार. पण ज्याच्यापाशी अंगण नाही, ज्याची बदली कधी होईल याचा नेम नाही, त्याचे काय? सू शीची नाव आणि सुझौच्या सुखवस्तू घराचे अंगण या दोहोंत तबकाची बाजू अधिक मोलाची वाटते.

अठराव्या शतकातला यांगझौचा चित्रकार जिन नोंग (१६८७–१७६३) या झाडाच्या प्रेमात सगळ्यांच्या पुढे गेला. चिनी चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याची चतुर्दशी हा वेखंडाचा वाढदिवस मानला जाई. त्या दिवशी जिन नोंगने जुनी शाई उगाळून वेखंडाचे व्यक्तिचित्र काढले आणि त्याला दीर्घायुष्य चिंतणारी कविताही लिहिली. त्याच्या चित्रांत साध्या कुंड्या आणि त्यांतून उसळलेले पात्यांचे झुबके पुन्हा पुन्हा दिसतात.

जपानमध्ये हेच झाड सेकिशो नावाने रुजले. बोन्सायच्या मांडणीत मुख्य वृक्षाशेजारी एक लहानसे गवतवजा रोप ठेवायची तिथे पद्धत आहे, आणि त्या जागी ते आजही दिसते. युरोपीय वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव १७८९ साली लंडनच्या क्यू बागेतल्या झाडांच्या सूचीतून नोंदले गेले. आता पिवळ्या पट्ट्यांचे 'ओगोन' आणि खुजे वाण जगभरच्या रोपवाटिकांत आणि मत्स्यपेट्यांच्या दुकानांतही विकले जातात.

महाराष्ट्रातल्या सदनिकेत ते ठेवायचे तर जुने नियम थोडे वळवावे लागतात. इथे जपायचे ते थंडीपासून नव्हे, एप्रिल-मेच्या झळांपासून. तेव्हा पाणी रोज पाहावे लागते; एकदा गड्डा कोरडा पडला की पात्यांची टोके तपकिरी होतात आणि ती पुन्हा हिरवी होत नाहीत, कापावीच लागतात. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून घालावे. उघडे पाणी साचले की डास आलेच, म्हणून तबकात खडे काठापर्यंत भरावेत आणि पाण्याची पातळी खड्यांच्या वरच्या थराखाली राहील असे पाहावे. झाड शोभेचेच समजावे. वेखंडाच्या जातींत बीटा-असारोन नावाचे द्रव्य आढळते. त्याच्या विषारीपणामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंड अन्नपदार्थांत वापरायला बंदी केली. तेव्हा पात्यांवरचे थेंब डोळ्यांना लावू नयेत, आणि बाळाला गुटीतून वेखंड देण्याआधी बालरोगतज्ज्ञाला विचारावे.

रोपवाटिकेत निवडताना एक पाते चुरगळून वास घ्यावा. तसेच दिसणारे ओफिओपोगॉनचे रोप सर्रास मिळते, पण त्याच्या पात्यांना वेखंडाचा वास नसतो.